सांगणाऱ्याला शिक्षा नाही

१९ जुलै, शनिवार

माझा नवरा युवराज नेहमी विचारतो, क्वालिटी मॅनेजर म्हणजे तू दिवसभर नक्की करतेस काय? आज सांगण्यासारखं काहीतरी होतं, पण त्याच्याकडे पाहुणे बसले होते. म्हणून इथे लिहिते.

आज दवाखान्यात चुका सांगायची पहिली बैठक झाली. औषधांच्या स्टोअरमागच्या खोलीत, चहा घेऊन. टेबल मी मुद्दाम ठेवलं नव्हतं. टेबल आलं की त्याची एक बाजू साहेबांची होते. तरी सगळ्या सिस्टर भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या.

"चुका म्हणजे कुणाच्या सांगायच्या, मॅडम?" इन्चार्ज सिस्टर सिद्धेश्वरीनं विचारलं.

"आपापल्या."

"मग लवकर सुटू की आपण."

सगळ्या हसल्या. मी माझी आधी सांगितली. जिन्यातल्या नव्या पाटीवरचा बाण मी उलटा छापून घेतला होता, त्यामुळे आठवडाभर लोक एक्स-रे काढायला लाँड्रीत जात होते. पुन्हा हसणं झालं. शेवटी जनरल वॉर्डातली सिस्टर श्रीदेवी म्हणाली, "परवा एका पेशंटची बीपीची गोळी मी विसरले. दुपारी आठवली तेव्हा दिली, आणि वेळ मात्र सकाळची लिहिली."

सिद्धेश्वरी तिच्याकडे अशी बघत होती, जणू या पोरीला ताप चढलाय. मी श्रीदेवीचे आभार मानले. म्हणाले, कोण चुकलं हे शोधायला आपण इथे जमलो नाही, चूक कुठून आत शिरते ते शोधायला जमलो आहोत. जी सांगेल तिला शिक्षा नाही, हा माझा शब्द.

तेवढ्यात डॉ. हत्तुरे डोकावले. दवाखाना त्यांचाच. मी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "बरोबर ना, सर?" त्यांनी बशीतलं बिस्किट उचललं आणि म्हणाले, "मॅडम म्हणतील तसं."

घरी येताना वाटलं, असा शब्द द्यायला माझ्या हातात नेमकं काय आहे? पण सर हो म्हणाले आहेत, आणि तेही चारचौघांत.

२८ जुलै, सोमवार

जनरल वॉर्डात आजपासून नवा नियम. "ए सात नंबर, उठ" असं कुणालाही म्हणायचं नाही. मावशी, मामा, आज्जी म्हणायचं. आधी रुग्णांना विचारलं तेव्हा बहुतेकांचं दुःख हेच होतं, की इथे आम्हाला नंबरानं हाकारतात. आज फेरी मारली तर वॉर्डाचा सूरच बदललेला. मावशी, गोळी घ्या. मामा, कूस बदला. डोळ्यांत पाणी आलं. एवढ्याशा गोष्टीनं येऊ नये, पण आलं.

श्रीदेवी या शनिवार-रविवारी रजेवर आहे, भाच्याचं बारसं. तिला म्हटलं, पेढे आण.

५ ऑगस्ट, मंगळवार

मी पर्स खाली ठेवायच्या आधीच श्रीदेवी केबिनमध्ये आली. कालची ड्यूटी कधीच संपली होती, तरी अंगावर युनिफॉर्म तसाच.

"मॅडम, माझ्याकडून झालंय."

तिनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. काल रजेनंतरची तिची पहिली ड्यूटी. सात नंबरच्या कॉटवर मथुराबाई, जेऊरच्या, शुगरच्या पेशंट. त्यांना संध्याकाळी इन्सुलिन. श्रीदेवी सात नंबरपाशी गेली. शाल पांघरून एक म्हातारी बाई पडलेली.

"मी म्हटलं, मावशी, सुई देते. त्यांनी हात पुढं केला."

"मनगटावरचा नावाचा पट्टा?"

"शालीच्या आत होता. मी शाल सारली नाही, मॅडम. त्यांना थंडी वाजत होती."

त्या मथुराबाई नव्हत्या. त्या गुरम्मा होत्या, कुंभारीच्या. खुब्याच्या ऑपरेशनसाठी आलेल्या, दोन-चार दिवसांत घरी जाणार होत्या. त्यांना शुगर नाही. आणि काल श्रावणी सोमवार, त्यांचा उपवास होता. त्या गुंगीत गेल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, उपवासानं थकल्या, झोपू द्या. जेवणं आटोपून बराच वेळ झाल्यावर समोरच्या रांगेतून मथुराबाईंनी हाक मारली, "सिस्टर, माझी सुई राहिली की." तेव्हा श्रीदेवी धावली.

गुरम्मा आता आयसीयूत आहेत. शुद्धीवर नाहीत.

"डॉक्टर म्हणत होते, उपवासानं साखर उतरली," श्रीदेवी म्हणाली. "मी त्यांना म्हटलं, नाही, मी इन्सुलिन दिलंय."

ती बोलली नसती तर कुणालाही कळलं नसतं. ती बोलली म्हणून साखर अजून उतरत राहणार हे डॉक्टरांना कळलं आणि ग्लुकोज चालू ठेवता आलं. मी हेच शिकवलं होतं. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "तू बरोबर केलंस. तुला काही होणार नाही." हे मी दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा बहुतेक स्वतःलाच.

गुरम्मा सात नंबरवर कशा आल्या, हे मात्र वॉर्डात कुणाला सांगता येत नाही. कागदोपत्री त्यांची कॉट बारा. श्रीदेवीनं नंबरच चुकीचा वाचला असेल, असं सगळ्या म्हणतात.

६ ऑगस्ट, बुधवार

घरच्यांना खरं सांगायचं, यावर मी अडून बसले. सरांना ते नको होतं. "आईची तब्येत खालावली म्हणू. ते खोटं आहे का?"

"अर्धं आहे, सर."

शेवटी गुरम्मांचा मुलगा सोमलिंग याला सरांच्या खोलीत बोलावलं. पस्तिशीचा असेल. हातात आईचा जेवणाचा डबा. सर म्हणाले, "आमच्या एका सिस्टरकडून चुकीचं इंजेक्शन गेलं."

मी म्हणणार होते, 'आमच्याकडून'. सिस्टरचं नाव काढायचं नाही, असंही ठरलं होतं. पण सोमलिंगनं विचारलं, "कुठली सिस्टर?" आणि सरांनी सांगून टाकलं. मी तिथेच होते. मी मध्ये बोलले नाही. त्या क्षणी बोलणं अडवणूक वाटलं असतं, असं मला वाटलं. आता वाटतं की वाटू द्यायला हवं होतं.

तो ओरडला नाही. त्यानं डबा सरांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मग आता काय करायचं ते सांगा."

८ ऑगस्ट, शुक्रवार

गुरम्मा गेल्या.

सून निंगव्वा आयसीयूबाहेर जमिनीवर बसली होती. मी शेजारी बसले. ती भिंतीकडे बघत सारखं एकच म्हणत होती, "त्या झोपल्या हो त्या दिवशी, चांगल्या झोपल्या." मला वाटलं, तिला मृत्यूपेक्षा ती झोपच समजून घ्यायची आहे. दुःखात माणसं असं करतात.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. युवराज म्हणाला, "तू दिलंस का इंजेक्शन?" नाही. "मग?" मी ताट आत नेऊन ठेवलं.

११ ऑगस्ट, सोमवार

श्रीदेवीला कामावरून काढलं. सोमलिंगनं पोलिसांत अर्ज दिला आहे, निष्काळजीपणाचा, तिच्या नावानं.

मी सरांकडे गेले.

"तुम्ही बैठकीत शब्द दिला होता, सर. सांगणाऱ्याला शिक्षा नाही."

"बैठकीत सांगितलेल्याला," ते म्हणाले. "ही चूक तिनं बैठकीत सांगितली का? तुमच्या केबिनमध्ये सांगितली."

मला आधी वाटलं ते चेष्टा करताहेत. करत नव्हते.

"मॅडम, माणूस गेलंय. त्या मुलाला मी काय सांगू, आम्ही गोल बसून चहा प्यालो म्हणून? त्याला कुणीतरी पाहिजे. दवाखाना पाहिजे की एक सिस्टर, तुम्ही सांगा. इथे दीडशे घरं चालतात."

मी म्हणाले, तिला काढलंत तर यापुढे कोणी तोंड उघडणार नाही. ते म्हणाले, "चुका झाल्याच नाहीत तर तोंड उघडायचं कशाला?"

राजीनामा द्यावा का? दुपारभर तोच विचार होता. मी गेले तर बैठकीला वाली राहणार नाही, असं स्वतःला सांगितलं. हे कारण आहे की निमित्त? आमच्या लेकीची, पायलची, बारावी आहे, हेही मनात आलं. कोणतं आधी आलं, ते मला प्रामाणिकपणे आठवत नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मथुराबाई तपासणीला आल्या होत्या. मी त्यांना केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. बिनसाखरेचा. त्या खट्टू झाल्या.

"आज्जी, तुमची कॉट सात होती ना? मग बारावर कशा गेलात?"

"मीच गेले की. ती कन्नड म्हातारी झोपंना. रातभर उठून बसायची. तिची सून आली सोमवारी दुपारी, म्हणली, आज्जी, सासूचं पाय दक्षिणेला येत्यात, आमच्यात चालत न्हाय. तुमी हिकडं येता का? म्या म्हणलं, मला कुटं बी टाक, संडास जवळ असला म्हंजी झालं. बारा नंबरला संडास लागूनच हाय."

"कुणाला सांगितलं नाही?"

"सांगायचं काय त्यात? दोगींचं बी भागलं." मग त्यांचा चेहरा उतरला. "त्येच्यामुळं झालं का गं?"

मी म्हणाले, नाही, तुमचा काही दोष नाही. त्या गेल्यावर मी वॉर्डात जाऊन उभी राहिले. बारा ते अठरा या कॉट उत्तरेच्या भिंतीला लागून आहेत. त्यांवर झोपणाऱ्याचे पाय दक्षिणेकडे, यमाच्या दिशेला. ही रांग नेहमी शेवटी भरते, हे मला माहीत होतं. मला वाटायचं, पंख्याचा वारा लागत नाही म्हणून.

कॉट फिरवून लावायला किती वेळ लागला असता?

१६ ऑगस्ट, शनिवार

बैठक. सगळ्या वेळेवर आल्या. आज सगळ्या बसल्यासुद्धा.

"कुणाला काही सांगायचंय?"

"सगळं व्यवस्थित आहे, मॅडम," सिद्धेश्वरी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

चहा पिऊन झाला. गेल्या.

१९ ऑगस्ट, मंगळवार

श्रीदेवीला फोन केला आणि कॉटचं सांगितलं. कळण्याचा पहिला हक्क तिचा, असं मला वाटलं. ती म्हणाली, "म्हणजे मी नंबर बरोबर वाचला होता."

"हो."

"मी चूक नाकारत नाही, मॅडम. तोंड बघायला पाहिजे होतं, पट्टा बघायला पाहिजे होता. पण मी आंधळी नव्हते, एवढं तरी गुरम्मांच्या घरच्यांना कळू दे. त्यांना वाटतंय मी मोबाइलवर बोलत सुई टोचली. आमच्या गल्लीत पण तेच बोलतात."

दोन दवाखान्यांनी तिला नाही म्हटलं आहे. पोलिसांनी जबाबाला बोलावलं आहे. वडील तिच्याशी बोलत नाहीत. ते म्हणतात, "तुला सांगायला सांगितलं होतं कुणी?"

"तुम्ही त्यांच्या घरी जाऊन सांगाल? तुमचं ऐकतील ते. सोमलिंग अर्ज मागं घेतील असं नाही म्हणत मी. नुसतं कळलं तरी पुरे."

मी हो म्हणाले. यात अवघड काही नाही. खरं आहे तेच सांगायचं आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

कुंभारीला जाऊन आले.

दारात शेंगा वाळत घातल्या होत्या. निंगव्वा एकटीच होती, उखळात चटणी कुटत होती. मला बघून उठली, पदर नीट केला, पाणी आणलं.

"हे मळ्याकडं गेल्यात. येतील आता."

मला आधी तिच्याशी बोलायला मिळालं, याचं बरंच वाटलं. म्हणाले, "निंगव्वा, कॉट बदलल्याचं मला मथुराबाईंनी सांगितलं."

तिचा हात उखळातच राहिला.

"अजून कुणाला म्हाईत हाय?"

"श्रीदेवी सिस्टरला. तुमच्या घरात कुणाला माहीत नाही का?"

तिनं मान हलवली. मग हळूच म्हणाली, "अत्ती लई हट्टी होत्या." अत्ती म्हणजे सासूबाई. "पाय तिकडं करून झोपनातच. ब्याड, ब्याड, एवढंच. नको म्हणजे नको. दोन रात्री बसून काढल्या. ऑपरेशनचं माणूस, किती बसणार? म्हणून मी त्या आज्जींना विचारलं. नव्या कॉटवर पडल्या आन् म्हणाल्या, आता झोप येईल बघ."

"यात तुमची चूक नाही. कॉटवर कोण आहे ते बघायचं काम आमचं होतं."

"ते बरोबर हाय, मॅडम. पण मी बदलली नसती तर?"

मी म्हणाले, अशा घटनेमागे एक कारण कधीच नसतं. बरीच असतात, एकावर एक. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"मी कारण न्हाई विचारलं. मी बदलली नसती, तर अत्ती आज असत्या का?"

इतकी वर्षं मी लोकांना शिकवते की प्रश्नाला सरळ उत्तर द्यावं. मी म्हणाले, "असत्या."

मग म्हणाले, "पण..." आणि पुढे बरंच काही बोलले. दवाखान्याचं, पट्ट्याचं, नियमांचं. ती ऐकत नव्हती. ती उखळातली चटणी बोटानं कडेला सारत होती, जणू आत काही पडलंय आणि ते शोधायचंय.

मग म्हणाली, "ह्यांना सांगू नका."

"निंगव्वा, त्या मुलीची नोकरी गेली आहे. पोलीस..."

"आईवर लई जीव होता हो ह्यांचा. आता राग सिस्टरवर हाय, तो घराबाहेर जातोय. माझं कळलं तर तो घरातच राहील. मी कुठं जाऊ?" तिनं डोळे पुसले. "तिचं लग्न झालंय का?"

"नाही."

"जेलात घालतील तिला?"

"मला माहीत नाही."

तेव्हा ती रडली, पदर तोंडात धरून, आवाज न करता.

सोमलिंग आला तेव्हा ती चुलीपाशी होती, चहा ठेवत होती. त्यानं मला खुर्ची दिली, स्वतः उंबऱ्यावर बसला.

"अर्ज मागं घ्या म्हणायला आलाय का, मॅडम?"

आता सांगायचं होतं. वाक्य तयार होतं, एसटीत घोळवत आणलेलं. आणि चुलीपाशी ती पाठमोरी, साखरेचा डबा हातात धरून, हलत नव्हती.

"नाही," मी म्हणाले. "विचारपूस करायला आले."

"बरं केलंत." तो हातातल्या दोरीची गाठ सोडवत राहिला. "लोक म्हणतात, तिनं कबूल केलं ना, मग राग कमी कर. मला उलटंच होतंय. कबूल करायला आली, मग बघायला काय झालं होतं? नुसतं तोंड बघायचं होतं आईचं. माझी आई आन् ती दुसरी बाई, काय सारख्या दिसतात? बारा नंबर कुठं, सात कुठं, एवढं तरी बघायचं."

निंगव्वानं कप माझ्या हातात दिला. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी चहा पूर्ण प्यायले.

निघताना तिनं डब्यात शेंगाचटणी भरून दिली. मी नको म्हणाले. सोमलिंग म्हणाला, "घ्या हो मॅडम, आई असती तर तिनंही दिलीच असती."

रात्री पायलनं जेवताना विचारलं, चटणी कुणी दिली? मी म्हणाले, एका पेशंटच्या घरून.

२५ ऑगस्ट, सोमवार

दिवसभर स्वतःला विचारत राहिले. दोघींपैकी कुणाचं ऐकायचं? श्रीदेवीला मी शब्द दिला होता. निंगव्वाला दिला नाही, ती फक्त बोलली आणि मी गप्प बसले. पण गप्प बसणं हाही शब्दच असतो का? सोमलिंगला खरं कळण्याचा हक्क आहे. तो हक्क मीच मागून घेतला होता, सरांशी भांडून. तेव्हा किती सोपं वाटलं होतं.

संध्याकाळी श्रीदेवीचा फोन आला.

"मॅडम, गेला होता ना काल? काय म्हणाले?"

मी म्हणाले, "घराला कुलूप होतं."

हे इतक्या सहज तोंडातून निघालं की मीच फोनकडे बघितलं.

"अगंबाई. उगाच हेलपाटा झाला तुम्हाला," ती म्हणाली. "शेतावर गेले असतील. पुढच्या रविवारी मी पण येते. दोघी जाऊ. मला तोंडानं बोलायला नाही जमणार, तुम्ही सांगा, मी नुसती बाजूला उभी राहीन."

मी बरं म्हणाले.